भाड्याच्या खोलीत अकूस्टिक फोम, भिंतीला न चिकटवता: प्रकल्प नोंदी

5 एप्रिल 2025

ठिकाण पुणे, भाड्याच्या फ्लॅटमधली छोटी बेडरूम. काम मराठी ऑडिओबुक आणि व्हॉइस-ओव्हरच्या रेकॉर्डिंगचं. अट एकच: अकरा महिन्यांचा करार संपला की खोली जशी मिळाली तशी परत द्यायची. म्हणजे ड्रिल नाही, खिळा नाही आणि भिंतीला गोंद नाही.

माप: लांबी 11 फूट (3.35 मीटर), रुंदी 10 फूट (3.05 मीटर), उंची साडेनऊ फूट (2.9 मीटर). विटांच्या भिंती, त्यावर सिमेंटचा गिलावा, पुट्टी आणि डिस्टेंपर. खाली व्हिट्रिफाइड टाइल. दक्षिणेला ग्रिलची खिडकी आणि पडद्याचा रॉड, उत्तरेला माळा. फर्निचर म्हणजे एक सिंगल गादी आणि सुती पडदा. खोलीच्या मधोमध टाळी वाजवली की मागे झर्रर्र असा कापरा आवाज राहतो. समोरासमोरच्या दोन कडक भिंतींमध्ये आवाज येरझाऱ्या घालतो, तो हा. तो कमी करायला अकूस्टिक फोम, म्हणजे आवाज शोषणारा मऊ फोम.

पश्चिमेच्या भिंतीवर कुणीतरी पूर्वी फोम थेट चिकटवून काढल्याच्या खुणा आहेत आणि त्या नीट बघण्यासारख्या आहेत. प्रत्येक चौकोनाच्या चार कोपऱ्यांत पिवळट, वाळलेल्या गोंदाचे गोळे, त्यात फोमचे काळे तंतू अडकलेले. दोन ठिकाणी गोंदाबरोबर डिस्टेंपर आणि पुट्टीही निघून आली आहे आणि आतून जुना निळा रंग दिसतो. गोंद भिंत धरतो ही समजूतच चुकीची आहे. गोंद धरतो रंगाला, रंग पुट्टीला, पुट्टी गिलाव्याला. ओढल्यावर या साखळीतला सगळ्यांत कच्चा थर तुटतो, आणि तो गोंदाचा जवळपास कधीच नसतो. स्प्रे अडहेसिव्ह, सोफ्याचं सोल्युशन, ग्लू गन, सिलिकॉन, डबल साइड फोम टेप, सगळ्यांचा शेवट असाच होतो.

टी-पिनने फोम टोचून लावण्याचा सल्ला बऱ्याच परदेशी व्हिडिओंत असतो. अमेरिकेतल्या घरांच्या आतल्या भिंती बहुतेक जिप्सम बोर्डाच्या असतात, तिथे पिन सहज जाते आणि भोकही बारीक राहतं. आपल्या सिमेंटच्या गिलाव्यात पिन वाकते, किंवा पुट्टीचा टवका उडवते.

6 एप्रिल

भिंतीची परीक्षा. चार जागा निवडल्या: पश्चिम (बाहेरची, दुपारचं ऊन खाणारी), पूर्व (शेजारच्या खोलीला लागून), दक्षिणेला खिडकीशेजारी, आणि कपाटाचं लॅमिनेटचं दार.

आधी तळहात कोरडा करून भिंतीवर जोरात घासायचा. हाताला पांढरी पूड आली तर त्या भिंतीवर कुठलीही चिकटपट्टी लावू नये, पाकिटावर किती का किलो लिहिलेले असेनात. पश्चिम आणि दक्षिण इथेच बाद.

पूड आली नाही तर एक इंची मास्किंग टेपचा वीतभर तुकडा नखाने घासून बसवायचा, दुसऱ्या दिवशी झटक्याने ओढायचा आणि पाठ उजेडात बघायची. 7 तारखेला बघितलं: पूर्वेच्या तुकड्यावर दोन-तीन कण, बाकी स्वच्छ. लॅमिनेटवर काहीच नाही. म्हणजे हलकं वजन पूर्वेच्या भिंतीवर चालेल, लॅमिनेटवर बिनधास्त, बाकी दोन्हीकडे भिंतीला स्पर्शच नको. परीक्षेचे तुकडे आठवड्याच्या आत काढून टाकावेत. एप्रिलच्या उन्हाने मास्किंग टेपचा गोंद वितळून भिंतीवर राहतो.

12 एप्रिल

फोम किती लागेल याचा हिशोब. सॅबिनचं सूत्र: घुमण्याचा वेळ = 0.161 × घनफळ ÷ एकूण शोषण. शोषण म्हणजे आवाज पूर्ण गिळणाऱ्या पृष्ठभागाइतकं क्षेत्रफळ. आपल्या खोलीचं घनफळ 29.6 घनमीटर. 1000 हर्ट्झला उघड्या भिंती, छत आणि टाइल मिळून शोषण जेमतेम 1.6 चौरस मीटर. गादी, पडदा आणि बसलेला माणूस धरला तर साधारण 5.3. म्हणजे वेळ 0.9 सेकंद. निवेदनासाठी 0.4 च्या आसपास हवा, त्यासाठी एकूण शोषण 11.9 लागतं.

दोन इंची फोम 1000 हर्ट्झला आपल्या क्षेत्रफळाच्या 80 टक्के शोषतो असं धरलं तर फोमच्या एक फुटाच्या 40 चौकोनी टाइल्स (3.7 चौरस मीटर) साधारण 3 ची भर घालतात. बेरीज 8.3, वेळ 0.57. उरलेलं 3.6 कुठून आणायचं? अजून पन्नासेक टाइल्स घेऊन, किंवा दोन जाड गोधड्या चुण्या पाडून टांगून. गोधड्या घरात आहेतच. हे सूत्र शोषण सगळ्या खोलीत सारखं पसरलंय असं मानून चालतं, त्यामुळे उत्तर अंदाजाचं; पण खरेदीची यादी करायला पुरेसं.

आणखी एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवावी. फोम खोलीतला घुमारा कमी करतो, बाहेरचा आवाज अडवत नाही. कुकरची शिट्टी, वरच्या मजल्यावरचा मिक्सर, रस्त्यावरचा हॉर्न हे सगळं आधीइतकंच येणार. ते थांबवायला वजनदार भिंत आणि फटी बुजवलेलं दार लागतं. तो वेगळा प्रकल्प.

13 एप्रिल

रचना ठरली, आणि सगळ्या प्रकल्पाचा जीव यात आहे: फोम भिंतीवर नाही, लाकडी चौकटीत बसेल आणि चौकट स्वतःच्या पायांवर उभी राहील.

सोपा पर्याय सनबोर्डवर (हलका, कडक प्लास्टिकचा फलक) फोम चिकटवून तो उभा करण्याचा होता. तो मुद्दाम सोडला. फोमचं काम हवेच्या हालचालीवर चालतं. कडक भिंतीला लागून हवा हलतच नाही. तिचा वेग पाव तरंगलांबीवर सगळ्यांत जास्त असतो. 50 मिलिमीटर फोम भिंतीला लागून असेल तर तो अंदाजे 1700 हर्ट्झच्या वर पूर्ण ताकदीने काम करतो. मागे 50 मिलिमीटर हवेची पोकळी ठेवली तर हीच मर्यादा 860 पर्यंत उतरते, तोच फोम, एक रुपया जास्त न घालता. पण मागे सनबोर्ड किंवा प्लाय आला की पोकळीचा फायदा जवळपास जातो, कारण आवाज त्या बोर्डवरूनच परत फिरतो. म्हणून मागची बाजू उघडी हवी, म्हणजे जाळी. भिंत वाचवणं आणि आवाज सुधारणं इथे एकाच उपायात बसतं.

मांडणी: वाचणाऱ्याच्या पाठीमागे दोन चौकटी, डाव्या-उजव्या हाताला एकेक, डोक्यावर एक. प्रत्येकीत 8 टाइल्स (दोन फूट × चार फूट). पाठीमागे दोन का, तर कार्डिऑइड माइक समोरून ऐकतो आणि त्याच्या समोर असतं वाचणाऱ्याचं तोंड आणि त्यामागची भिंत. त्या भिंतीवरून परतणारा आवाज माइक पूर्ण ताकदीने पकडतो. माइकच्या पाठीमागे सगळा फोम लावून पाठीमागची भिंत उघडी ठेवलेले घरगुती स्टुडिओ खूप दिसतात. तिथे पैसे निम्मे वाया जातात. माइकच्या मागे आपल्याकडे खिडकी आहे, तिथे गोधडी.

19 एप्रिल

फोम आला. 44 टाइल्स, 12 × 12 × 2 इंच, वेजच्या (पाचरीसारख्या उंचवट्यांच्या): 40 चौकटींना, 2 भिंतीवरच्या छोट्या फळीला, 2 जास्तीच्या. हवा काढून दाबलेल्या पाकिटात येतात. उघडून जमिनीवर मोकळ्या पसराव्यात, 24 ते 48 तासांत फुगतात. ज्या कोपऱ्यांत चपट्या राहतील त्यांवर पाणी फवारून, हलक्या हाताने पिळून सावलीत वाळवाव्यात. पूर्ण फुगल्याशिवाय चौकटीचं माप घेऊ नये. एकाच पाकिटातल्या टाइल्समध्ये चार-पाच मिलिमीटरचा फरक निघतो. इथे बहुतेक 305 मिलिमीटर भरल्या.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक टाइल 90 ग्रॅमच्या आसपास हवी. 50-60 ग्रॅम भरली तर फोम विरळ आहे, पॅकिंगचा आहे, बसवायला सोपा पण आवाजाला निरुपयोगी.

आगीची परीक्षा टाळू नये. पॉलियुरेथेन फोम पेटला की भराभर पसरतो आणि धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड असतो. 20 फेब्रुवारी 2003 ला अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये, वेस्ट वॉरिकच्या स्टेशन नाइटक्लबमध्ये स्टेजभोवती लावलेल्या अशाच फोमला आतषबाजीची ठिणगी लागली आणि 100 माणसं गेली. परीक्षा अशी: सुपारीएवढा तुकडा कापायचा, गच्चीत, पाण्याच्या बादलीवर, सांडशीत धरून काडी लावायची, धुरापासून तोंड लांब. ज्योत काढल्यावर काही क्षणांत विझला तर त्यात आग रोखणारं रसायन आहे. जळत राहिला आणि थेंब गळायला लागले तर तो माल परत करावा. आपला तुकडा विझला. तरीही या खोलीत उदबत्ती, समई, मेणबत्ती नाही आणि टेबल लॅम्पला एलईडीच दिवा. विझणारा फोमसुद्धा मोठ्या आगीत जळतोच.

26 एप्रिल

लाकूड. वखारीतून 1 × 2 इंची पाइनच्या पट्ट्या, 100 रनिंग फूट. रंधा मारल्यावर माप 22 × 45 मिलिमीटर उरतं, तेच धरून पुढचा हिशोब.

चौकटीचं आतलं माप 605 × 1210. टाइल्सची बेरीज 610 × 1220 होते, म्हणजे फोम थोडा दाबून बसतो आणि फट राहत नाही. उलट केलं, चौकट सैल ठेवली, तर दोन महिन्यांत टाइल्स खाली सरकून वर बोटभर फट पडते.

उभी चौकट (अशा 4): उभ्या पट्ट्या 2, प्रत्येकी 1830, आडव्या 2, प्रत्येकी 605, एक अगदी वर आणि दुसरी अशी की मधे 1210 उरतील, मागच्या बाजूने मध्यावर एक आडवी पट्टी 649 ची, चपटी. फोम जमिनीपासून साधारण 60 सेंटिमीटरवर सुरू होतो आणि 180 वर संपतो. बसून वाचणाऱ्याचं तोंड 120 वर येतं, बरोबर मध्यात. गुडघ्याखाली फोम लावून काही मिळत नाही.

वरची चौकट (1): 1254 च्या 2, 605 च्या 2, आणि 649 ची एक चपटी.

डाव्या-उजव्या हाताच्या चौकटींना पाय: 450 मिलिमीटरचे 4 तुकडे, आडवे, खाली नमद्याचे गोल. फरशीवर ओरखडा नको आणि रेकॉर्डिंगमध्ये करकर नको.

जोड 8 नंबरच्या दोन इंची स्क्रूने, प्रत्येक जोडाला दोन. आधी 3 मिलिमीटरचं भोक पाडलंच पाहिजे. पाइनच्या टोकाला भोक न पाडता स्क्रू मारला तर पट्टी उभी चिरते, आणि ती चीर मारताना दिसत नाही, चौकट उभी केल्यावर दिसते. स्क्रू आवळण्याआधी कर्ण मोजावेत. दोन्ही कर्ण 3 मिलिमीटरच्या आत जुळले की चौकट काटकोनात. गुण्या एकच कोपरा सांगतो, कर्ण चारही सांगतात.

मधल्या चपट्या पट्ट्या आज लावल्या नाहीत. त्या जाळीनंतर.

27 एप्रिल

जाळी आणि फोम. गोंद एक थेंबही लागत नाही.

मागच्या बाजूला बागेत वेलींना वापरतात ती प्लास्टिकची जाळी, इंचाच्या आसपास भोक. एका लांब बाजूला स्टेपल गनने 8 मिलिमीटरच्या पिना, चार-चार बोटांवर. मग समोरची बाजू ताणून, मग आखूड बाजू. त्यावर मधली चपटी पट्टी स्क्रूने. ही पट्टी जाळीला फुगू देत नाही.

चौकट उलटून, जाळी खाली ठेवून, समोरून टाइल्स भरायच्या, आधी चार कोपरे, मग मधल्या. वेज एक उभा एक आडवा असे लावतात ते दिसायला छान. शोषणात त्याने सांगण्यासारखा फरक पडत नाही. कापायची वेळ आली तर कटरचं पातं पूर्ण बाहेर काढून एकाच दिशेने लांब ओढावं. पुढेमागे करवतीसारखं केलं की फोम दबतो आणि कड वाकडी येते.

समोर मच्छरदाणीचं कापड. ते तोंडाला लावून श्वास घ्यावा. सहज घेता आला तर आवाजही सहज जातो. रेक्झिन, सॅटिन, जाड पडद्याचं कापड चालत नाही, वरचे आवाज तिथूनच परततात. मच्छरदाणी फार ताणू नये, वेजची टोकं दबतात. फक्त सुरकुती जाईल इतकं ओढून कडेने पिना. खालची बाजू मात्र दुहेरी दुमडून पिना माराव्यात, कारण फोमची झडणारी पूड तिथेच जमते.

वरच्या चौकटीत जाळी दोन्ही बाजूंना प्लास्टिकची आणि खालून मच्छरदाणी. डोक्यावरची वस्तू आहे, एकाच कापडाच्या भरवशावर ठेवायची नाही.

वजन: उभी चौकट साडेतीन किलोच्या आसपास, वरची 3.

ज्यांना सुतारकाम जमणार नाही त्यांनी बोर्डवर चिकटवावं, पण बोर्ड आणि गोंदाची जोडी जुळली पाहिजे. थर्माकोलवर सॉल्व्हंटचा गोंद लावला की थर्माकोल विरघळतो. सनबोर्डवर पांढरा फेविकॉल नीट धरत नाही. तो प्लाय, एमडीएफ किंवा पुठ्ठ्यावर लावावा आणि रात्रभर वहीएवढं वजन ठेवावं. सनबोर्डला फोमसाठीचा स्प्रे, दोन्ही बाजूंना हलका हात, बोटाला चिकचिक लागेपर्यंत थांबून मग टेकवायचं. खिडकी उघडी, गॅस बंद, आणि दिवसभर त्या खोलीत झोपायचं नाही.

3 मे

उभारणी.

हातांच्या दोन चौकटी समोरासमोर, वरची त्यांच्या माथ्यावर आडवी. तिची लांबी 1254, म्हणून खालच्या चौकटी बाहेरून बाहेर 1254 वर उभ्या केल्या. आत 1164 मिलिमीटर मोकळी जागा, खुर्ची आणि माइक स्टँडला पुरते. चार कोपऱ्यांत एम 6 चे 80 मिलिमीटर बोल्ट: 45 आणि 22 मिळून 67 मिलिमीटर लाकूड, वर वॉशर आणि विंग नट. बोल्टचं डोकं खालून, म्हणजे टाइल भरण्याआधीच घालून ठेवावं लागतं. फोम भरल्यावर तिथे बोट जात नाही. वर नट आवळला की सुट्या उभ्या डुलणाऱ्या दोन चौकटी मांडवासारख्या घट्ट होतात.

पाठीमागच्या दोन चौकटी 3 इंची दोन बिजागऱ्यांनी जोडल्या आणि पुस्तक अर्धवट उघडावं तशा कोनात उभ्या केल्या. पाय लागले नाहीत. भिंतीपासून अंतर 30 सेंटिमीटर.

खुर्चीची जागा: खोलीच्या मधोमध नाही. या खोलीची तिन्ही मापं जवळजवळ सारखी आहेत आणि तीच तिची खरी अडचण. खोलीच्या स्वतःच्या गुंजण्याच्या वारंवारता लांबीला 51, रुंदीला 57, उंचीला 59 हर्ट्झ. त्यांच्या दुपटी 103, 113 आणि 119. पुरुषी आवाजाचा पाया नेमका तिथे पडतो. या दुपटींचा जोर खोलीच्या मध्यावर आणि भिंतीपाशी सर्वांत जास्त, लांबीच्या एक चतुर्थांशावर सर्वांत कमी. म्हणून वाचणाऱ्याचं तोंड उत्तरेच्या भिंतीपासून 84 सेंटिमीटरवर हवं होतं. मागे दोन चौकटी उभ्या करायला जागा पुरत नाही म्हणून 95 वर आलं. रुंदीत पूर्वेच्या भिंतीपासून 76 वर. लांबीच्या 38 टक्क्यांवर बसण्याचा जो नियम सांगतात तो स्पीकरसमोर मिक्सिंग करणाऱ्यासाठी आहे, निवेदकासाठी नाही.

गोधड्या: एक खिडकीच्या पडद्याच्या रॉडवर, पडद्याच्या आतून, काचेपासून वीतभर लांब. रॉडचे ब्रॅकेट घरमालकांनी आधीच लावलेले. हाताने खाली ओढून बघितले, हलले नाहीत. जाड गोधडी अडीच-तीन किलो भरते, त्यामुळे ही खात्री हवीच. दुसरी माळ्याच्या कडेला: आरसीसीच्या फळीला दोन जी-क्लॅम्प, वर-खाली प्लायचे तुकडे आणि त्यावर रबर, म्हणजे रंगाला लोखंड लागत नाही. क्लॅम्पमध्ये पडद्याचा पाइप अडकवून गोधडी. दोन्ही ताणून न टांगता निम्म्या रुंदीत चुण्या पाडून. सपाट कापडापेक्षा चुण्यांची गोधडी खालच्या आवाजांना जास्त पकडते.

छत आणि जमिनीत आवळून बसणारा खांब इथे वापरला नाही, पण वापरणाऱ्यांनी वर पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर विचारही करू नये. तडा जातो आणि तो भरून काढणं ड्रिलच्या भोकापेक्षा कितीतरी महाग पडतं.

4 मे

रूम ईक्यू विझर्ड या सॉफ्टवेअरने मोजणी. घुमण्याचा वेळ 1000 हर्ट्झला 0.9 वरून 0.43 सेकंद. टाळीमागचा झर्रर्र गेला. 125 हर्ट्झला मात्र फरक जवळपास नाही, आणि हे अपेक्षितच. दोन इंची फोमला तिथे ताकदच नसते.

कानाची परीक्षा जास्त उपयोगी. तोच परिच्छेद, माइक तोंडापासून 15 सेंटिमीटरवर, आधीच्या फाइलशी सारख्या पातळीवर लावून ऐकला. "स", "श", "च" या अक्षरांमागची शेपटी गेली. वाक्य संपल्यावरची शांतता स्वच्छ आली. पण पुरुषी आवाजात थोडा डबडेपणा राहिला आहे, विशेषतः "ओ" आणि "ऊ" वर. अशा वेळी आणखी फोम आणून लावणं ही सगळ्यांत हमखास होणारी चूक. फोम वरचे आवाज खात जातो, खालचे तसेच राहतात, आणि जितका फोम वाढेल तितका आवाज गोणपाटात गुंडाळल्यासारखा होत जातो.

17 मे

पूर्वेच्या भिंतीवर, टेबलाच्या वर, दोन टाइल्सची छोटी फळी. इथे उभी चौकट बसत नाही आणि ही भिंत टेपच्या परीक्षेत उतरलेली आहे.

चिकटपट्टी थेट फोमला लावत नाहीत. फोमचा पृष्ठभाग नुसत्या भोकांचा, पट्टी फक्त तंतूंची टोकं धरते आणि तंतू तुटतात. म्हणून 5 मिलिमीटर पोकळ प्लास्टिक शीटचा 30 × 60 सेंटिमीटरचा तुकडा, त्यावर फोम, मागे ओढून निघणाऱ्या, कमांड नावाने मिळणाऱ्या चिकटपट्ट्यांच्या चार जोड्या. सगळं मिळून 400 ग्रॅमच्या आत.

लावायची रीत: भिंत आणि शीट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, कोलीन किंवा साबणाने नाही; त्यांचा पातळ थर मागे राहतो. पट्टीचे दोन भाग एकमेकांत दाबून टिकटिक ऐकू आली की बसले. शीटला लावायच्या, भिंतीवर 30 सेकंद दाबायचं. मग फळी खालून वर सोलून काढायची, भिंतीवर राहिलेल्या पट्ट्या पुन्हा 30 सेकंद अंगठ्याने दाबायच्या आणि तासभर थांबून फळी परत बसवायची. हा तास बहुतेक जण वगळतात आणि फळी पडते. ओढायची जीभ खालच्या बाजूला हवी. ताजा रंग असेल तर निदान आठवडा जाऊ द्यावा. 40 अंशांच्या वर या पट्ट्यांचा भरवसा नाही, त्यामुळे पुण्यात पश्चिमेच्या उन्हाच्या भिंतीवर मे महिन्यात लावू नयेत.

खुणेसाठी पेन्सिल नको. डिस्टेंपरवरची रेघ ओल्या फडक्याने पुसली की रेघ जाते आणि डाग राहतो. मास्किंग टेपचे तुकडे लावून त्यावर खूण करावी, फळी बसली की लगेच काढावेत.

31 मे

डबडेपणावर इलाज. रॉकवूलचे (दगडी तंतूंच्या दाबलेल्या लोकरीचे) 4 स्लॅब, 1200 × 600 × 50 मिलिमीटर, घनता 48 किलो प्रति घनमीटर. एकेक पावणेदोन किलोच्या आसपास. दोन-दोन एकत्र करून सुती कापडाच्या खोळीत, उत्तरेच्या दोन कोपऱ्यांत तिरके उभे, खाली लाकडी पाट. मागे त्रिकोणी पोकळी आपोआप राहते आणि तीच कामाची. हाताळताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या. खोळ शिवून बंद करावी; नुसती गुंडाळली तर तंतू उडतात.

फरक मोठा नाही, पण "ओ" मधली गुंज ऐकू येण्याइतकी उतरली. उंचीच्या दिशेचं 119 हर्ट्झ याने फारसं हलत नाही. उरलेलं काम रेकॉर्डिंगमध्ये 80 हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे आवाज कापणारा फिल्टर) आणि 115-120 पाशी दोन-तीन डेसिबलची हलकी कपात.

19 जुलै

पावसाळ्याची तपासणी. पश्चिमेच्या भिंतीला खालून ओल आली आहे, पोपडे धरलेत. चौकटी भिंतीपासून सुट्या असल्यामुळे फोमपर्यंत काही पोहोचलं नाही. तिथे फोम चिकटलेला असता तर ओल मागे अडकून काळी बुरशी धरली असती, आणि पॉलियुरेथेनलाही दमट हवा मानवत नाही. वर्षानुवर्षं दमट राहिला तर तो चिकट होऊन भुगा पडतो.

पंधरवड्यातून एकदा: चौकटींच्या मागे टॉर्च मारून बघायचं, गोधड्या उन्हात किंवा निदान पंख्याखाली घालायच्या, फोमवर व्हॅक्यूमचा मऊ ब्रश फिरवायचा. ओल्या फडक्याने पुसायचं नाही. विंग नट हाताने तपासले, दोन सैल झाले होते. पाइन दमट हवेत फुगतं-आकसतं, त्यामुळे हे चालूच राहणार.

पूर्वेची फळी जागेवर आहे.

11 ऑक्टोबर

पूर्वेची फळी उतरवून बघितली. शीट खालच्या कडेने हलकेच सोलून सुटी केली. भिंतीवरच्या पट्टीची जीभ धरून सरळ खाली, भिंतीला अगदी समांतर, सावकाश ओढायची. पट्टी वीतभर लांबते आणि मग आपोआप सुटते. आपल्याकडे ओढली तर डिस्टेंपर घेऊन येते. तीन पट्ट्या स्वच्छ निघाल्या. चौथीची जीभ तुटली. त्यावर उपाय: हेअर ड्रायरने अर्धा मिनिट कोमट करायचं, मग डेंटल फ्लॉस किंवा बारीक नायलॉन दोरा पट्टीमागून करवतीसारखा फिरवायचा. उरलेला गोंद अंगठ्याने गोल चोळून गोळी करून काढायचा. भिंतीवर खूण नाही. नव्या पट्ट्या लावून फळी परत वर. एकदा ओढलेली पट्टी पुन्हा वापरता येत नाही.

पश्चिमेवरचे जुने गोंदाचे डाग ज्यांच्या वाट्याला येतील त्यांच्यासाठी क्रम: फोम अंगठाभर उरेपर्यंत नायलॉनच्या दोऱ्याने कापायचा, उरलेला थर ड्रायरने गरम करून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचा, खड्ड्यात पुट्टीचे दोन पातळ हात, 180 नंबरचा पॉलिश पेपर, प्रायमर, मग रंग. एका चौकोनापुरता रंग लावला तर ठिगळ दिसतं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत रंगवावी लागते. खोली ताब्यात घेतानाच अशा जुन्या डागांचे फोटो तारखेसह घरमालकांना पाठवून ठेवावेत.

चौकटींच्या जोडांवर आतल्या बाजूला अंक घातले: डावी 1, उजवी 2, वरची 3, पाठीमागच्या 4 आणि 5. बोल्ट, वॉशर, विंग नट एका डबीत, डबी 3 नंबरच्या चौकटीला बांधलेली. खोली सोडताना चार नट काढले की सगळं सपाट होऊन टेम्पोत उभं जातं. उन्हात उभं करून ठेवू नये, फोम पिवळा पडतो.